नणंदबाईंची उजवी वळणं

सोमवार, ८ जानेवारी

गॅरेजचं शटर अर्धं वर जातंय तोच नणंदबाई खालून वाकून आत. घरात तिला सगळे नावाने हाक मारतात, मी मात्र लग्न झाल्यापासून 'वन्सं' म्हणते. माझ्याहून धाकटी, म्हणून अगं-तुगं चालतं, पण हाक वन्संच. तेवढाच मान मिळतो म्हणे तिला आमच्या घरात.

आली ती थेट पिवळीपाशी. पिवळी म्हणजे तिची शर्यतीची मोटार. वर्षभर गॅरेजच्या कोपऱ्यात चादर पांघरून पडून आहे. वन्संनी चादरीचं एक टोक दातात धरलं, दुसरं हाताने ओढलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वहिनी, हिचे गियर मला टाकता आले पाहिजेत."

गेल्या हिवाळ्यात वन्सं औषधाच्या दुकानासमोर नुसती उभी होती. मागे येणाऱ्या टेम्पोने भिंतीशी दाबलं. डावा हात कोपराच्या वरून गेला. इतकी वर्षं ट्रॅकवर जिवाच्या आकांताने गाडी हाणली, साधं खरचटलं नाही, आणि फुटपाथवर उभ्या उभ्या हे. तेव्हापासून तिचा शर्यतीचा परवाना मंडळाने थांबवून ठेवलाय. आता त्यांनी कळवलंय की सतरा फेब्रुवारीला तपासनिसांसमोर ट्रॅकवर एकटीने गाडी चालवून दाखवा. जमलं तर परवाना परत. नाही जमलं तर कायमचा रद्द, पुन्हा अर्ज नाही.

एका मोठ्या कंपनीने तिला सांगितलं होतं की आपोआप गियर बदलणारा डबा बसवून देतो, बाई, तुम्ही फक्त बसा. हिने त्यांना घरचा रस्ता दाखवला. म्हणाली, मग मी गाडी चालवणार नाही, गाडी मला फिरवून आणेल.

मी बघते म्हटलं. बघते म्हणजे काय, गियरबॉक्स हा माझाच प्रांत. माहेरी ट्रकच्या गियरबॉक्समध्येच लहानाची मोठी झाले, आणि या घरातही ह्यांनी इंजिन आणि पत्रा स्वतःकडे ठेवून बाकीचं तेलकट काम मोठ्या मनाने मला देऊन टाकलंय. जेवायच्या सुट्टीपर्यंत पिवळीचा गियरचा दांडा माझ्या टेबलावर होता.

घरी ही बातमी मीच सांगितली आणि पस्तावले. सासूबाईंनी पोळी ताटात ठेवली. "पिवळी विका," म्हणाल्या. "तिला साधं जेवायला बसता येत नाही अजून. उजव्या हाताने टेबल धरून बसते, मग जेवते कशाने? आणि म्हणे मोटार." प्रत्येक गोष्टीत यांना काहीतरी खुसपट काढायचंच असतं.

बुधवार, १० जानेवारी

पिवळीचे गियर एकापाठोपाठ एक पडतात. दांडा मागे ओढला की वरचा, पुढे ढकलला की खालचा. क्लच फक्त गाडी जागेवरून हलवताना लागतो, एकदा पळायला लागली की नाही. म्हणजे प्रश्न एवढाच: दांडा ओढणारा आणि ढकलणारा डावा हात नाही, तर ते काम कोण करणार?

माझं उत्तर तयार आहे. दांड्याला हवेच्या दाबावर चालणारा छोटा पिस्टन जोडायचा. त्याला हुकूम द्यायला स्टिअरिंगच्या मागे, उजव्या हाताशी, दोन पाती. तर्जनीने एक ओढली की वरचा गियर, अंगठ्याने दुसरी दाबली की खालचा. हात स्टिअरिंगवरून उचलायलाच नको. एका हाताने पुरतं वळावं म्हणून स्टिअरिंगचं काम ह्यांनी आधीच हातात घेतलंय.

चित्र काढून वन्संना दाखवायला तिच्या खोलीवर गेले. मागच्या जिन्याने वर तिची स्वतंत्र खोली आहे. तिचा तो कृत्रिम हात कपाटाच्या मुठीला टांगलेला, त्यावर ओला टॉवेल. डॉक्टरांनी बघितलं तर कपाळावर हात मारतील. चित्र तिने नीट बघितलं, दोन प्रश्न विचारले, तेही अगदी नेमके. पिस्टन अडला तर गाडी कोणत्या गियरमध्ये राहील? आणि गियर पडला हे मला कळणार कसं? मी म्हटलं, आवाजाने कळेल. "मग ठीक आहे," म्हणाली.

एक मात्र बोलायला हवं तिच्याशी. ड्रॉवर पायाने बंद करते. खुर्ची पायाने सरकवते, दाराला आडवा पाय घालून दार लोटते. माझ्या माहेरहून आलेलं कपाट आहे ते. पायाची चप्पलही काढत नाही.

रविवार, १४ जानेवारी

शिवणाच्या डब्यातली मोजायची टेप गायब. मला सीटपासून स्टिअरिंगचं अंतर घ्यायचं होतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, मी कशाला शिवायला बसतोय? पण ह्यांचा भरवसा नाही, मागे माझ्या कात्रीने पत्र्यावरचं सील कापलं होतं. शेवटी लोखंडी पट्टीने भागवलं.

हवा बोचरी आहे आणि सासूबाई नुसती शाल घेऊन फिरताहेत. त्यांचा तपकिरी लोकरी कोट, मी या घरात आले तेव्हापासून बघतेय, थंडी पडली की अंगावर असतोच. यंदा काय झालं विचारलं तर म्हणाल्या, जड होतो. सर्दी झाली की काढा करायला आहेच मी.

शनिवार, २० जानेवारी

आज माझा दिवस. हसू नकोस, वही, खरंच माझा दिवस.

पिस्टन बसला, पाती बसल्या, हवेची टाकी मागे गेली. ट्रॅकवाल्यांनी दुपारचा मोकळा वेळ दिला होता. वन्संच्या आधी मी स्वतः चालवून बघणार असं मी आधीच जाहीर केलं होतं. दुसऱ्याच्या हातात न तपासलेलं काम द्यायचं नाही ही माझी माहेरची शिस्त. आणि नुसतं चालवणार नाही, तिच्यासारखं चालवणार. ह्यांच्याकडून डावा हात ओढणीने पोटाशी करकचून बांधून घेतला. हे गाठ मारताना म्हणाले, बरीच वर्षं मनात होतं माझ्या. आगाऊपणा नुसता.

बसले आणि निघाले. काय सांगू. अंगठा, खटक. तर्जनी, खटक. हात स्टिअरिंगवर, गियर आपला पडतोय. मी काही शर्यतवाली नाही, पण चौथ्या फेरीला मला वाटलं की दोन हात ही निव्वळ चैन आहे. उतरले तेव्हा वन्संनी पाठीवर थाप मारली. म्हणाली, वहिनी, तुला कधीच चालवायला द्यायला हवी होती.

संध्याकाळी डावं कोपर दुखायला लागलं. काळंनिळं झालंय. मोटारीखाली शिरताना कुठेतरी आपटलं असणार, या धांदलीत लक्षात कोण ठेवतो.

मंगळवार, २३ जानेवारी

सकाळी गॅरेजमध्ये गेले तर पिवळीच्या सीटवर सासूबाई बसलेल्या. चालवणाऱ्याच्या जागी! मला बघून जराही गडबडल्या नाहीत. पाय दुखले म्हणून टेकले म्हणाल्या. बाजूला तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि वर ऐकवलं, "ही सीट आहे की घसरगुंडी? कडा पार झिजल्यात." मी म्हटलं, आई, शर्यतीची सीट आहे, दिवाणखान्यातली नव्हे. "तेच म्हणते," म्हणाल्या आणि गेल्या.

विका विका म्हणणाऱ्याने गाडीला नावं ठेवायचीच, त्यात नवल काय.

शनिवार, २७ जानेवारी

लिहायला नको वाटतंय.

वन्संनी पिवळी बाहेर काढली तेव्हा मी आणि हे कठड्याशी उभे होतो. वर्षभराने बसली होती, पण पहिल्या सरळ रस्त्यावरच कळलं की माझं चालवणं म्हणजे बैलगाडी होती. गियर असे पडत होते, एकाला एक लागून, मध्ये फट नाही. डावीकडचं वळण तिने असं कापलं की ह्यांनी माझा दंड धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा दंड कधी धरला नव्हता.

मग उजवीकडचं मोठं वळण. वळणाच्या ऐन मध्यावर गियर खाली पडला. कुणी मागितला नव्हता. मागची चाकं किंचाळली, गाडी स्वतःभोवती फिरली आणि खडीत जाऊन रुतली.

आम्ही धावत पोचलो तेव्हा ती सीटवर तशीच बसली होती, हात स्टिअरिंगवर घट्ट. लागलं नव्हतं कुठे. फक्त म्हणाली, "मी काही दाबलं नाही, वहिनी." मी अंगठ्याची पाती बघितली. दाबलेलीच होती, घामाचा ठसा होता तिच्यावर.

पातीची स्प्रिंग हलकी आहे, एवढंच असणार. घट्ट केली की झालं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

झालं नाही.

दुप्पट घट्ट स्प्रिंग लावली. सरळ रस्त्यावर तिला आता गियर उशिरा पडतो, अंगठा दुखतो. आणि उजव्या वळणाला तेच. दोनदा. दुसऱ्यांदा खडीच्या पुढे टायरांच्या भिंतीला मागचं टोक घासलं. फक्त उजवी वळणं. डावीकडे लोण्यासारखी जाते. माझ्यासारख्या अर्ध्या चालकाला ज्या गाडीत काही झालं नाही, तिच्यात हिला का होतंय? मी बांधलेल्या हाताने त्याच वळणावरून गेले होते ना?

माझं डोकं तापलं. सगळ्यांसमोर बोलून गेले की वन्सं, स्टिअरिंग इतकं आवळून धरू नकोस, पकड सैल ठेव. ती म्हणाली, "मग धरू कशाला?"

उलट उत्तर द्यायची सवयच आहे तिला. मी म्हटलं, त्या कंपनीचा आपोआप गियर बदलणारा डबा काही इतका वाईट नाही. तिने माझ्याकडे बघितलं. टेम्पोच्या ड्रायव्हरकडेही तिने असं बघितलं नसेल. हेल्मेट काखेत मारलं आणि चालत गेली ट्रॅकच्या फाटकापर्यंत. हे तिच्या मागे गेले. मी एकटीने पिवळी ट्रेलरवर चढवली.

दोन आठवडे उरलेत आणि मी तिला त्या कंपनीचाच रस्ता दाखवला, जिथे तिला जायचंच नाही. मला रडू आलं, तेही लिहून ठेवते.

रविवार, ४ फेब्रुवारी

हे सगळं नीट लिहायला हवं, एक शब्द न गाळता.

दुपारी भांडी वरच्या फळीवर ठेवत होते. बाही मागे सरकली. सासूबाईंनी माझं डावं कोपर पकडलं आणि उजेडाकडे वळवलं. काळंनिळं आता पिवळट झालंय, पण मोठं आहे. मलम आणलं, मला बसवलं आणि चोळायला लागल्या. त्यांचा हात जड आहे, पण औषध लावताना हलका होतो. कधी लागलं विचारलं. मी म्हटलं, गाडी चालवली त्या दिवशी, मोटारीखाली शिरताना असेल.

त्या चोळतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मोटारीखाली नाही, मोटारीत लागलंय हे. तुला कोपर आहे म्हणून लागलं. तिला आहे कुठे?"

मी हात ओढून घेतला. मलम तसंच, चप्पल एकाच पायात, गॅरेजमध्ये. हे मागून विचारत होते काय झालं, काय झालं. मी म्हटलं, बांधा मला. पोटाशी नाही. दंड मागे घ्या, पाठीशी, कोपर कुठेही टेकता कामा नये. बांधलं. ह्यांना सांगितलं, गाडी मागच्या मैदानात न्या, मी बसते, मला गोल फिरवायची आहे. उजवीकडे.

वेग तो काय, सायकलवाल्यानेही गाठावा इतका. पण पहिल्याच उजव्या घेरात मी पोत्यासारखी डावीकडे कलंडले. पट्टा पुढे पडू देत नाही, पण आडवं कलू देतो. सीटच्या कडा खरंच झिजल्यात. आणि पडू नये म्हणून मी काय केलं? जे एकच हाताशी होतं ते घट्ट धरलं. अंगठा आपोआप आवळला. खटक. गियर खाली.

म्हणजे त्या दिवशी चौथ्या फेरीला मला दोन हात ही चैन वाटली, तेव्हा माझा बांधलेला हात फुकट बसला नव्हता. कोपराने मधला उंचवटा रेटून मला सरळ धरून ठेवत होता, फेरीमागून फेरी, इतका की काळानिळा पडला. आणि मी, शहाणी, म्हणत होते की मी तिच्यासारखी चालवतेय. तिने मला विचारलं होतं, मग धरू कशाला. उलट उत्तर नव्हतं ते. ती खरंच विचारत होती.

आणि त्या अवस्थेत तिने ती गाडी चालवली होती! डाव्या बाजूला आधार नाही, अंगठ्याखाली खोटा गियर, तरी दर वेळी गाडी खडीत नेली, फार तर मागचं टोक घासलं, कठड्यावर आदळली नाही. गाडी हातातून गेल्यावर ती कुठे न्यायची हेसुद्धा तिला येतं. मी ट्रकवाल्यांची मुलगी, पुष्कळ ड्रायव्हर बघितलेत. असा एकही नाही.

तसंच मागच्या जिन्याने वर गेले. वन्संनी दार उघडलं आणि वळून कपाटाकडे गेली. टॉवेल काढला आणि ड्रॉवर पायाने बंद केला. आडवा पाय, डावा, चवड्याच्या कडेने एक हलका धक्का. बरोब्बर बसला ड्रॉवर, आवाजही नाही.

मी दारातच उभी. म्हटलं, परत कर.

"काय?"

"उघड आणि परत बंद कर. पायाने."

तिला वाटलं मी कपाटावरून भांडायला आलेय. मी तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या डाव्या पावलाच्या दोन्ही बाजूंना दोन पुस्तकं उभी धरली आणि म्हटलं, हे वरचा गियर, हे खालचा, मार. तिने मारलं. मग माझ्याकडे बघितलं. मग दोघी हसायला लागलो ते थांबेचना. गाडी पळायला लागल्यावर क्लचला पायाची गरज नाही हे मीच लिहून ठेवलंय, दहा जानेवारीला. तो डावा पाय महिनाभर माझ्यासमोर ड्रॉवर लावत होता, आणि मी चपलेवरून चिडत होते. जो हात नाही त्याच्याकडेच बघत बसले. जे होतं ते बघितलंच नाही.

माफी मागितली मी. ती म्हणाली, "वहिनी, तू हात बांधून बसलीस ना माझ्यासाठी. कंपनीवाल्यांनी नुसतं माप घेतलं होतं."

बुधवार, ७ फेब्रुवारी

पिस्टन तोच, टाकी तीच. फक्त हुकूम देणारं बदललं. पाती काढून टाकल्या. डावीकडे पाय टेकायची जी पाटी असते, तिच्या दोन्ही बाजूंना दोन पत्र्याचे कान बसवले, आत रबर. पाऊल उजवीकडे हललं की वरचा गियर, डावीकडे की खालचा. वळणावर अंग सावरायला पाय पुढे रेटायचा, आणि गियरला आडवा. दोन्हींची गल्लत होणार नाही. हे वन्संचं डोकं. मी आधी वर-खाली हलणारा करणार होते, मोटारसायकलसारखा. ती म्हणाली, मग रेटा दिला की पुन्हा खटक, तेच दुखणं हातातून पायात. बरोबर.

बूट कोणता घालणार हे तिने आधी ठरवलं, मग कानांमधलं अंतर. मला म्हणाली, तुझ्या कपाटाची माफी मागते. मी म्हटलं, मागू नकोस, सराव चालू ठेव.

राहिला प्रश्न कलण्याचा. नवी सीट इतक्यात मिळणार नाही. स्पंजच्या दोन पट्ट्या चिकटवून बघितल्या, पहिल्याच घेरात सुटल्या.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

चमत्कार. सकाळी शटर उघडलं तर पिवळीच्या सीटला डाव्या बाजूने एक उशी. उशी म्हणणंही बरोबर नाही. कमरेपासून सुरू होते, बरगड्यांशी जाड होते, वर काखेखाली खोलगट वाटीसारखी होऊन थांबते. आत कडक काहीतरी, वरून मऊ. चार पट्टे, सीटच्या सांगाड्याला असे बांधलेत की मी लोंबकळले तरी हलेना. वर काळं कापड.

वन्सं बसली. पट्टा लावला. मी तिला खांद्याने डावीकडे ढकलली. हलली नाही. पुन्हा ढकलली. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. राहिलेला दंड त्या वाटीत असा बसला होता, जणू तिच्या अंगावरच माप घेतलंय.

मी ह्यांच्याकडे गेले आणि मनापासून आभार मानले. म्हटलं, मला माहीत नव्हतं तुमच्या हातात इतकी कला आहे. हे जरा घुटमळले, म्हणाले, "मी? हो... म्हणजे, जमलं ना? मग झालं तर." लाजले. एवढ्या वर्षांत ह्यांना लाजताना पहिल्यांदा बघितलं. टेपही मग ह्यांनीच नेली असणार, मेला उगाच खोटं बोलला माणूस.

शनिवार, १० फेब्रुवारी

सराव. उजवीकडचं मोठं वळण, पुन्हा पुन्हा. एकदाही खटक नाही. एकदा वरचा गियर द्यायचा राहिला, ती स्वतःवरच चिडली, पुढच्या फेरीला वसूल केला. पाय अजून शिकतोय म्हणाली. हात मात्र आता फक्त वळवतो. स्टिअरिंगवर बोटं सैल, जेवताना चमचा धरावा तशी.

सासूबाईंना घरी येऊन सांगितलं, जरा भीत भीतच. ऐकून घेतलं. "सतराला मी यायची नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, बरं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आधी गाडीची तपासणी. तपासनीस उंच, चष्मेवाला, तोंडावर माशी हलत नाही असा. पिस्टन बघितला, कान बघितले, खाली बसून स्वतःच्या हाताने आडवे दाबले. वन्संना विचारलं, कुणी केलं? तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी तेलकट नखं मागे लपवली, सवय.

मग सीटशी आला आणि थांबला. हे काय, म्हणाला. घरगुती उशी दिसते. सीटमध्ये सुटी वस्तू चालत नाही, ही काढावी लागेल.

उशी काढली की उजवी वळणं गेली, उजवी वळणं गेली की परवाना गेला. वन्सं पांढरीफटक. हे पुढे होऊन काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "सुटी नाही. ओढून बघा."

त्याने ओढली. एका हाताने, मग दोन्ही हातांनी, मग पाय चौकटीला लावून. गाडी हलली, उशी नाही. मग त्याने पट्टे तपासायला वरचं काळं कापड कडेने जरा वर केलं, आणि मी पण वाकून बघितलं. आत दुहेरी टाके, मेण लावलेला जाड दोरा, सगळे एकसारखे. आणि कापडाखाली लोकर होती. तपकिरी. तिच्यात बटणाचं एक काज होतं, नीट शिवून बंद केलेलं.

मी या घरात आले तेव्हापासून बघतेय तो कोट.

टेबल धरून बसते म्हणाल्या होत्या. सीट आहे की घसरगुंडी म्हणाल्या होत्या. टेप, शाल, मलम. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे बुटांकडे बघत होते. रोज सकाळी तिच्या गाऊनची बटणं त्याच लावतात, वर्षभर. कुठे किती कलते हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक असणार?

तपासनिसाने कापड नीट बसवलं. "चालेल," म्हणाला. मग जाता जाता, कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, पण मी ऐकलं: "कारखान्यात सुद्धा असं शिवत नाहीत."

मी ट्रॅककडे बघू शकले नाही. कठड्याला पाठ लावून डोळे मिटून उभी राहिले आणि ऐकत राहिले. गियरबॉक्सवाल्यांना डोळे लागत नाहीत. दुसरा. तिसरा. चौथा, सरळ रस्ता. डावं वळण, खाली, खाली, बाहेर. आणि मग उजवं. आवाज खाली आला, गियर बरोबर पडला, आणि मग तो मधला लांबलचक भाग, जिथे काहीही व्हायला नको. काही झालं नाही. एकच सूर, घट्ट, वळणाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग खटक, वर. मी डोळे उघडले तेव्हा हे रडत होते आणि म्हणत होते वाऱ्याने पाणी येतंय.

प्रत्येक फेरीला मी तेवढाच भाग ऐकत होते. एकदाही तुटला नाही.

शेवटच्या फेरीनंतर ती आली, इंजिन बंद केलं, पट्टा सोडला आणि उतरायच्या आधी डाव्या बाजूला वाकून त्या उशीवर क्षणभर गाल टेकला. तिला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. तपासनिसाने चष्मा काढून पुसला आणि हात पुढे केला. चुकून डावा. मग दोघंही हसले. परवाना मिळाला.

घरी पोचलो तर सासूबाई दारात, अंगावर शाल, नाक लाल. किती वेळ उभ्या होत्या विचारायची हिंमत झाली नाही. मिळालं का असं विचारलं नाही त्यांनी. वन्संकडे बघून एवढंच म्हणाल्या, "उजवीकडे?"

"हलले नाही, आई. जराही."

सासूबाईंनी मान हलवली. तिच्या शर्टाचं वरचं बटण उघडं राहिलं होतं, ते लावलं. मग आत गेल्या आणि आम्ही तिघं बाहेरच उभे राहिलो, कारण कुणालाच लगेच आत जाता येईना.

रविवार, १८ फेब्रुवारी

सकाळी सासूबाईंना दोन शिंका आल्या. मी संधी साधली आणि म्हटलं, आई, चला, बाजारात जाऊन तुम्हाला नवा लोकरी कोट घेऊ.

त्या कपाटातून मोजायची टेप काढून शिवणाच्या डब्यात ठेवत होत्या. लपवायचं काही राहिलंच नव्हतं आता. "कशाला नवा?" म्हणाल्या. "आहे की माझा. कामावर गेलाय."